सदुसष्टावी टेप

माझी धाकटी जाऊ मतदानाच्या रांगेतून मागे फिरली आणि माझं डोकंच फिरलं. केंद्राबाहेर आखलेल्या फक्कीच्या पांढऱ्या रेघेपलीकडे खुर्ची टाकून तिच्या कारखान्याचा मुकादम बसला होता. बाई दिसली की म्हणत होता, उद्या कामावर यायचंय ना, मग शहाण्यासारखं सांगितलेलं बटण दाबा. जावेच्या एकटीच्या पगारावर दोन लेकरं. ती म्हणाली, ताई, मत गेलं तरी चालेल, नोकरी जायला नको.

मी तरातरा केंद्राध्यक्ष बाईंकडे गेले. त्या म्हणाल्या, धमकावणं गुन्हाच आहे, कुणी लेखी द्या. सगळी रांग जमिनीकडे बघायला लागली. मग म्हणाल्या, शंभर मीटरच्या आत प्रचार चालत नाही, पण हा रेघेबाहेर आहे. रेघ मोजली कशी, मी विचारलं. शिपाई म्हणाला, शंभर पावलं टाकून.

पावलं! मी जन्मभर शिवणकाम करतेय. पावलांनी माप घेतलं असतं तर गिऱ्हाइकांनी मला जिवंत ठेवलं असतं का? दीड मीटरची टेप गळ्यातच होती. दाराशी बसले आणि दुसरं टोक जावेच्या हातात कोंबलं. तिने एकदा मुकादमाच्या दिशेने बघितलं आणि ते धरलं.

एक, दोन, तीन. बाईंनी सोबत पोलीस दिला. माझे गुडघे बोंबलत होते, पण थांबते कोण! विसाव्या टेपेला रांगेतल्या बायाही मोजायला लागल्या. रेघ आली पन्नासाव्या टेपेला. म्हणजे अवघे पाऊणशे मीटर! पुढची टेप थेट खुर्चीखाली गेली. मी तोंड उघडणार, तेवढ्यात जाऊ बोलली. या माणसापुढे तिने कधी मान वर केली नव्हती.

"पाय उचला. टेप अडकलीय."

त्याने उचलले. पोलिसाने त्याला खुर्चीसकट उठवलं.

सदुसष्टावी टेप वळणापलीकडे, पंक्चरवाल्याच्या दुकानापाशी टेकली. मुकादम स्वतःची खुर्ची स्वतः उचलून तिथे गेला. तिथून मतदान केंद्राचं दारच दिसत नव्हतं. मला तर नाचावंसं वाटलं.

जाऊ आत गेली आणि बोटाला शाई लावून हसत बाहेर आली. मला राहवेना. कोणाला दिलंस, मी कानात विचारलं.

"त्याला नाही सांगितलं," ती म्हणाली, "मग तुम्हाला तरी का सांगू, ताई?"