पुलाखालच्या राक्षसाच्या भुवया

मित्रांनो, त्या दिवशी काका दवाखान्यातून एकटेच आले आणि काकूंचा चष्मा त्यांनी माझ्या शेजारच्या खिळ्याला अडकवला. चष्म्याशिवाय काकू कुठेही जात नसत. माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. थोड्या वेळाने शेजारपाजारचे लोक येऊन हळू आवाजात बोलू लागले, तेव्हा खात्री पटली. काकू आता येणार नव्हत्या.

मी एक जुना राक्षस आहे. माझे डोके लाकडी, अंग कापडी. आत हात घालून मला नाचवतात. काकांनी मला कोरले आणि काकूंनी रंगवले. काकांच्या बाकी सगळ्या राक्षसांच्या भुवया नाकाकडे उतरत्या असत. त्यामुळे चेहरा लगेच रागीट दिसतो, आणि खेळाच्या शेवटी मार कोणी खायचा हे आधीच ठरते. काकूंनी माझ्या भुवया उलट्या, बाहेरच्या बाजूला उतरवल्या.

"अगं, राक्षस आहे तो. एवढा काळजीत का दिसतोय?" काकांनी विचारले होते.

"अहो, खांब मोडलाय, अख्खा पूल त्याच्या पाठीवर आहे. तुम्ही काय हसत बसला असतात?"

हेच आमचे नाटक. लोकांना वाटते, मी पुलाखाली दबा धरून बसलो आहे. ते दगड मारतात. राजपुत्र तलवार घेऊन येतो. मी हललो तर पूल कोसळेल, म्हणून मी सगळे सोसतो. बघणारी मुले आधी घाबरत. मग तीच राजपुत्राला सांगत, "अरे, वाकून बघ की जरा." तो वाकून बघतो, तलवार टाकतो आणि पुलाला खांदा लावतो.

काकू गेल्यावर मी खिळ्यावरच राहिलो. धूळ बसली. दमट हवेने भुवयांचे पोपडे निघाले. मग एकदा नाट्यगृहाचे मालक आले.

"कशाला डोक्याला ताप? खेळाच्या शेवटी राक्षसाला मारून टाका. पोरं टाळ्या वाजवतात," ते म्हणाले.

काका गप्प राहिले. गप्प माणसाचा मला भरवसा वाटत नाही. पुढे त्यांनी मला खाली काढले, पुसले आणि कुंचला टेकवला. भुवई थेट नाकाकडे उतरली. मी म्हटले, संपलो.

तेवढ्यात त्यांची लेक आली. "बाबा, हा कोणावर चिडलाय? आईचा राक्षस असा नव्हता. मारणार आहात का याला?"

"मालकांना सकाळीच नाही म्हणून आलोय," काका म्हणाले. "हाताची सवय गं. माझ्या लक्षातच आलं नाही."

मी मान खाली घातली असती, पण माझी मान दुसऱ्याच्या बोटावर हलते.

काकांनी ती भुवई घासून काढली. काकूंचा चष्मा लावून पुन्हा कुंचला उचलला.

"तुझी आई कुठून सुरुवात करायची गं? बाहेरून की आतून?"

लेकीला आठवेना. काकांनी कुंचला खाली ठेवला.

मित्रांनो, पुलाखाली कोणी दबा धरून बसलेला दिसला, तर दगड उचलण्याआधी वाकून बघा. त्याच्या पाठीवर काय आहे, ते वरून दिसत नाही.

मी अजून टेबलावरच आहे. माझ्या भुवया रंगवायच्या राहिल्या आहेत.