एकाच प्रार्थनेतली दोन नावं

सलोमी आणि संगमेश, दोघांनाही डेंग्यू. सोलापूरच्या दवाखान्यात दोघांच्या खाटा एकमेकींना लागून होत्या. सलोमी रिबकाची एकुलती एक, नऊ वर्षांची. रिबका सोलापुरातल्याच एका शाळेत शिक्षिका. तिचा नवरा कुर्डुवाडीच्या रेल्वे कारखान्यात. संगमेश सात वर्षांचा. त्याची आई महादेवी त्याला मैंदर्गीहून घेऊन आली होती आणि चार दिवस अंगावरच्या एकाच लुगड्यानिशी खाटेपाशी बसून होती.

तिसऱ्या दिवशी दोघांच्याही प्लेटलेट्स फार खाली गेल्या. डॉक्टर बोलायचे कमी झाले. रिबकाने डोळे मिटलेले पाहून महादेवी जवळ सरकली.

“अक्का, माझं सिद्धरामेश्वराला सांगून झालं. आता तुमच्या देवाला बी सांगा की. त्यो काय परका हाय व्हय?”

रिबकाने एक हात सलोमीच्या कपाळावर ठेवला, दुसरा संगमेशच्या. लहानपणापासून तिने हजारदा प्रार्थना केली होती, पण इतकी उघडीवाघडी कधीच नाही. दोघांची नावं घेऊन ती म्हणाली, “प्रभू, यांना वाचव. दोघांनाही वाचव.” महादेवीला काय म्हणायचं ते ठाऊक नव्हतं. रिबकाने आमेन म्हटलं, तसं तीही म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी सलोमीचा ताप उतरला आणि तिने भात मागितला. महादेवीने मुलासाठी सोललेली मोसंबी तिच्या हातात दिली. “त्यो नगं म्हणतोय. तू खा, बाळा.” संध्याकाळी संगमेश गेला.

महादेवी रडली नाही. मुलाला कुशीत घेऊन ती ॲम्ब्युलन्समध्ये बसली. रिबका दारात उभी होती. तिच्याकडे एकदाही न बघता महादेवी निघून गेली.

पुढच्या आठवड्यात चर्चचे पाळकसाहेब रिबकाच्या घरी आले. मंडळीने सलोमीसाठी उपास धरले होते, साखळी प्रार्थना केली होती. “रविवारी साक्ष द्या, रिबकाबाई. देवाने काय केलं ते सांगा. लोकांचा विश्वास वाढेल.”

नाही कसं म्हणायचं? रविवारी ती चर्चमध्ये सगळ्यांपुढे उभी राहिली. सलोमी पहिल्या बाकावर, नवा फ्रॉक घालून. रिबकाने आजाराचं सांगितलं, डॉक्टरांचं सांगितलं. मग तिने सलोमीकडे पाहिलं.

“मी एकाच प्रार्थनेत दोन मुलं मागितली होती. एक घरी आलं. देवाने माझं ऐकलं असं म्हटलं, तर दुसऱ्या आईला मी काय सांगू? तिचं आमेन कमी पडलं का? मला ठाऊक नाही. माझी मुलगी वाचली, एवढंच मला ठाऊक आहे. त्याचा आनंदसुद्धा मला धड करता येत नाही.”

ती खाली बसली. कुणीच हालेलुया म्हटलं नाही. पाळकसाहेबांनी पुढचं गीत सांगितलं, आणि ते स्वतःच चुकीच्या कडव्यावर गेले.

उपासना सुटल्यावर सोनाबाई तिच्यापाशी आल्या. सत्तरी उलटलेली बाई, कायम शेवटच्या बाकावर बसणारी.

“माझी दोन गेली,” त्या म्हणाल्या. “चाळीस वर्षं झाली. इतक्या साक्षी ऐकल्या, पोरी, पण मला कुणी साक्ष मागितली नाही.” मग विचारलं, “त्या बाईकडं गेली होतीस का?”

“धीर होत नाही, मावशी.”

“मी येते.”

दोघी अक्कलकोटवरून मैंदर्गीला गेल्या. महादेवी घरापुढे तूर निवडत होती. तिने सूप बाजूला ठेवलं, पाण्याचा तांब्या आणून दिला आणि पहिल्यांदा हेच विचारलं, “पोरगी बरी हाय न्हवं?”

“बरी आहे.”

“तुमच्या देवानं तुमचंच ऐकलं.”

वाटेत जुळवून ठेवलेली सगळी वाक्यं रिबकाला खोटी वाटू लागली. “मला कळत नाही, महादेवी,” ती म्हणाली. “खरंच कळत नाही. मी दोघांसाठीही मागितलं होतं गं.”

“ठाऊक हाय की. मी ऐकत होते. माझ्या लेकराचं नाव आदी घेतलं तुमी. पोटची पोरगी तितं पडलेली, आन् तुमी आदी संगमेश म्हणला.”

रिबकाला हे आठवतही नव्हतं. महादेवीचा चेहरा वेडावाकडा झाला आणि दवाखान्यात न आलेलं रडू आता आलं. सोनाबाईंनी तिचं डोकं मांडीवर घेतलं. प्रार्थना कुणीच केली नाही. उन्हं अंगणातून भिंतीवर गेली तरी तिघी तशाच बसून होत्या.

निघताना महादेवी म्हणाली, “पुन्यांदा या, अक्का. पोरीला नगा आणू. आत्ताच नगं.”

“बरं,” रिबका म्हणाली.

परतीच्या एसटीत रिबकाने विचारलं, “मावशी, तुमच्या मुलांची नावं काय होती?”

सोनाबाईंनी खिडकीतून बाहेर पाहिलं. “थोरला दानीएल,” त्या म्हणाल्या. “धाकटीचं नाव ठेवायचं होतं. आम्ही नुसतं बाळी म्हणायचो.” मग दानीएलला काय आवडायचं, तो कुठे लपायचा, बाळी कुणासारखी दिसायची, ते त्या सांगू लागल्या. सोलापूर आलं, माणसं उतरली, कंडक्टरने दोनदा हाक मारली. त्यांचं सांगणं अजून संपलं नव्हतं.