खिडकीच्या मापाचा पिंजरा

मित्रांनो, मी एक जुना पिंजरा आहे. वय म्हणाल तर एक वर्ष आणि वर थोडे महिने. तरी जुनाच म्हणायचं, कारण ज्या कामासाठी मला आणलं ते काम संपलं आहे. मी अडीच वीत लांब, दीड वीत रुंद, दीड वीत उंच. वर धरायला कडी, खाली सरकता पत्रा, पुढे एक दार. रंग पांढरा होता. कोपऱ्यांत आता तो तांबडा झाला आहे.

माझ्या आयुष्याचे भाग पाडायचे तर आत काय होतं, त्यावरून पाडावे लागतील. तसेच पाडतो.

आत : काही नाही

तारा कापल्या, वाकवल्या, डाग दिले, रंगात बुडवल्या. कुठे, ते आठवत नाही. आठवतं ते अमरावतीचं दुकान. तिथे मी दोरीला टांगलेला होतो आणि माझ्या मागे, जमिनीवर, माझ्या चौपट मोठा एक पिंजरा होता.

दिवाळीनंतर एका सकाळी नितेश आले. ते धामणगाव रेल्वे या गावी राहतात. एका जिनिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्याच्या, काट्यावर कापसाच्या गाड्या मोजणं हे त्यांचं काम. भरलेली गाडी मोजायची, कापूस उतरला की रिकामी मोजायची. मापात त्यांची चूक होत नाही, असं जिनिंगमध्ये सगळे म्हणतात.

त्यांनी खिशातून सुतळीचा तुकडा काढला. पोती शिवायची सुतळी. तिला दोन गाठी होत्या.

दुकानदार म्हणाला, "दादा, ससा पायजे ना? मंग मोठा पिंजरा घ्या. ससा वाढते."

"मोठा ठेवाले जागा नाई न भाऊ. दोनच खोल्या हायेत." नितेशनी सुतळी माझ्यावर धरली. एक गाठ या कोपऱ्यावर, दुसरी त्या कोपऱ्यावर. "पाहा, बरोबर बसते."

त्याच सुतळीने त्यांनी मला गाडीच्या मागे बांधलं. घरी आल्यावर सुतळी माझ्या कडीला तशीच राहिली.

आत : बोंडू

नऊ वर्षांच्या रागिणीने त्याचं नाव ठेवलं. फुटलेल्या कापसाच्या बोंडासारखा तो पांढरा होता आणि तेवढाच मऊ. मुठीत मावायचा. मी खिडकीत ठेवला गेलो. खिडकी आणि मी, दोघांचं माप एकच. रागिणी शाळेतून आली की दप्तर न काढता माझ्यासमोर बसायची आणि मेथीची एकेक काडी तारेतून आत सरकवायची.

माझं कौतुक झालं. शेजारच्या माणिकबाई बघायला आल्या. "कसा राजावानी बसला पाहा बाप्पा! आमच्या घरी मानसाले येवढी जागा नाई."

ते दिवस चांगले होते. दोन महिने.

मग बोंडू वाढला. मी नाही वाढलो.

पौषात त्याचे कान माझ्या छताला टेकले. माघात त्याला वळायचं असलं की आधी अंग गोळा करावं लागे. उडी मारायला तो मागचे पाय आवळायचा आणि तसाच थांबायचा. नंतर आवळणंही बंद झालं. तो एकाच कोपऱ्यात बसू लागला. खालच्या पत्र्याने त्याच्या टाचांचे केस गेले, मग कातडी गेली.

नितेश त्याला जनावरांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. माझ्यासकट. डॉक्टरांनी औषध दिलं आणि माझ्यावर बोट ठेवून सांगितलं, "याले पाय पसराले जागा नाई. हे पह्यले बदला."

"आदितवारी अमरावतीले जातो, मोठा आनतो," नितेश म्हणाले.

त्या रविवारी जिनिंगसमोर कापसाच्या गाड्यांची रांग रेल्वे फाटकापर्यंत गेली होती. नितेशना काटा सोडता आला नाही. पुढच्या रविवारी जाऊ, असं ते घरी म्हणाले. खरंच जाणार होते. मोठा ठेवायला पलंगाखालची पेटी हलवून त्यांनी जागाही करून ठेवली होती.

बुधवारी सकाळी रागिणी शाळेत गेल्यावर बोंडू उठला नाही.

आत : काही नाही

इथे मला फार वाईट वाटलं, असं म्हणायला हवं. पण तारेला तसं काही होत नाही. दार उघडलं, बोंडू बाहेर गेला, दार लागलं. पत्रा हलका झाला. एवढंच मला कळलं.

संध्याकाळी रागिणीने विचारलं, "बोंडू कुठी हाये?"

नितेश कूलरला नवं गवत भरत होते. ते मागे वळले नाहीत. "तिवश्याले सोडला. आबाच्या वावरात. तिथं मोकळं हाये त्याले."

"मले न सांगता?"

"तुयी परीक्षा होती न."

"पाय बरे झाले त्याचे?"

"हो."

सीमाबाई, म्हणजे रागिणीची आई, चुलीजवळ भाकर थापत होत्या. भाकर थापायचा आवाज थांबला, मग परत सुरू झाला.

खिडकीत कूलर बसला. मला पलंगाखाली त्या मोकळ्या केलेल्या जागेत सरकवलं. मी तिथे सहज मावलो. खूप जागा उरली.

आत : कांदे

सीमाबाईंनी मला राखेने घासलं, तीन दिवस उन्हात ठेवलं आणि कांदे भरले. कांद्यांना वारा लागला, एकही सडला नाही.

महिन्यातून एकदा रागिणीचे आबा, खुशालराव, तिवश्याहून यायचे. रागिणी त्यांच्या हातात मेथीच्या काड्यांची पिशवी द्यायची. "आबा, हे बोंडूले द्यान. दिसते का तो तुमाले?"

खुशालरावांनी पहिल्या खेपेला नितेशकडे पाहिलं. नितेश खाली पाहत होते.

"दिसते न बाई," खुशालराव म्हणाले. "कधी कधी. बांधावर."

नंतर दर खेपेला ते पिशवी नेत राहिले आणि बांधावरचं एखादं वाक्य आणत राहिले. रागिणी ते ऐकायची आणि पुढे काही विचारायची नाही. मला न्या, मला दाखवा, असंही ती कधी म्हणाली नाही. ते नितेशच्या लक्षात आलं नव्हतं. माझ्या आलं होतं. पण मी पलंगाखाली होतो आणि आत कांदे होते.

आत : मुगवड्या

वैशाखात गच्चीवर. चिमण्या आणि माकडांपासून राखण. माणिकबाई म्हणाल्या, "सशाच्या घरातल्या वड्या मी नाई खात बाप्पा."

"नका खाऊ. तुमच्या वाट्याच्या मी खाईन," सीमाबाई म्हणाल्या.

पावसाळा लागल्यावर माणिकबाईंनी वाटी भरून मागून नेल्या.

आत : चपला. आत : जुन्या वह्या. आत : काही नाही.

वर : भुलाबाई

मित्रांनो, आमच्या वऱ्हाडात आश्विनात मुली घरोघरी भुलाबाई मांडतात. भुलाबाई म्हणजे माहेरी आलेली लेक. मातीची भुलाबाई, शेजारी भुलोबा, मध्ये गणपती. रोज संध्याकाळी गल्लीतल्या मुली जमतात, गाणी म्हणतात आणि शेवटी खिरापत असते. ती सहजासहजी मिळत नाही. खिरापत बंद डब्यात ठेवतात. मुली डबा हलवून, कानाशी लावून आवाज ऐकतात आणि आत काय आहे ते ओळखतात. ओळखली, तर वाटायची.

रागिणीने मला भुलाबाईचा चौरंग केलं. माझ्यावर आईची जुनी साडी टाकली, ती जमिनीपर्यंत सोडली आणि वर मूर्ती बसवल्या. बाहेरून मी दिसतच नव्हतो. मूर्तींचं वजन थोडं होतं. हे काम बरं होतं.

कोजागिरीला दोन दिवस राहिले असताना अकोल्याहून श्याममामा आले. सीमाबाईंचे धाकटे भाऊ. मोठ्या आवाजाचे, खिशात नेहमी काहीतरी घेऊन येणारे. मुली अंगणात पाय धूत होत्या तेवढ्यात त्यांनी मागून साडी उचलली, माझं दार उघडलं, काहीतरी आत सोडलं, दार लावलं.

ते मऊ होतं. मुठीत मावेल एवढं.

गाणी झाली. श्याममामा पुढे येऊन बसले. "आज खिरापत मामाची! या भुलाबाईच्या खाली हाये. हलवाची नाई. कान लावून ऐका फक्त."

"गोड का तिखट?" एकीने विचारलं.

"लय गोड."

"लाडू!"

"अबे, लाडू खुडखुड करते काय?"

"शेंगदाने! फुटाने! मामा, चिवडा?"

"हारल्या का? बोला, हारल्या का?"

सगळ्यांत शेवटी रागिणीने साडीला कान लावला. माझ्या पत्र्यावर नखं वाजली. बारीक, दोनदा. तो आवाज त्या घरात फक्त तिला आणि मला ओळखीचा होता.

फाटकाशी गाडी थांबली. नितेश कामावरून आले होते, केसांत कापसाचे तंतू. ते दारात उभे राहिले.

रागिणी म्हणाली, "ससा."

श्याममामांनी टाळी वाजवून साडी बाजूला केली. आत राखाडी रंगाचं पिल्लू होतं. मुली किंचाळल्या, एकमेकींवर पडल्या.

"पिंजरा तर घरी होताच," मामा नितेशना म्हणाले. "म्हटलं भाऊजी, रिकामा काहून ठेवाचा? पाहा कसा मस्त बसते!"

"बसते," नितेश म्हणाले. "आत्ता बसते."

रागिणीने पिल्लाला हात लावला नाही. ती बापाकडे पाहत होती. "पप्पा, हा मोठा झाला का यालेबी तिवश्याले सोडसान?"

सीमाबाई वाटायच्या पोह्यांचं ताट घेऊन स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर थांबल्या. नितेशना 'हो' म्हणता आलं असतं. एक अक्षर होतं. आधीही म्हणून झालं होतं.

ते माझ्यासमोर खाली बसले. कडीची सुतळी सोडायला त्यांना वेळ लागला. गाठ घट्ट बसली होती. ती त्यांनी दोन हातांत ताणून रागिणीपुढे धरली.

"हे खिडकीचं माप हाये. अमरावतीले मी हे घेऊन गेल्तो. खिडकी मोजली. ससा केवढा होईन, ते नाई मोजलं. दुकानवाल्यानं सांगतलं होतं. डॉक्टरनंबी सांगतलं. आदितवारी गाड्या होत्या, मी गेलो नाई."

"मंग बोंडू?"

"तो तिवश्याले गेलाच नाई."

"मेला."

"हो."

"कुठी हाये?"

"जिनिंगच्या कुंपनापाशी. कडुलिंबाखाली."

रागिणी रडली नाही. ती माझा पत्रा पाहत राहिली. मग म्हणाली, "आबाले मालूम होतं?"

"हो."

"मंग माही मेथी?"

नितेश सुतळी बोटाला गुंडाळू लागले. सीमाबाई उंबऱ्यावरून म्हणाल्या, "आबा बकरीले टाकत वो बाई."

रागिणीने थोडा विचार केला. "बकरीनं खाल्ली न पन."

"खाल्ली."

"मले वाटलंच होतं," ती म्हणाली. नक्की कशाबद्दल, ते कोणी विचारलं नाही. मग तिने माझं दार उघडलं, पिल्लू दोन्ही हातांनी उचललं, छातीशी धरलं. बराच वेळ धरलं. आणि मामांच्या मांडीवर ठेवलं.

"मामा, याले घेऊन जा."

"अवं, तुयासाठी आनलं न मी येवढ्या दूरून..."

"मोठा होते हा."

श्याममामांचा मोठा आवाज त्या संध्याकाळी परत ऐकू आला नाही. गाणी ऐकायला आलेल्या माणिकबाईंनी सीमाबाईंच्या हातचं ताट घेतलं आणि मुलींना पोहे वाटले. ओळखलेली खिरापत वाटायची असते, पण ती वाटण्यासारखी नव्हती.

आत : काही नाही. दारही नाही.

रविवारी जिनिंगसमोर गाड्या होत्या. नितेश काट्यावरच्या दुसऱ्या माणसाला सांगून तासभर बाहेर आले आणि रागिणीला कडुलिंबाखाली घेऊन गेले. मी तिथे नव्हतो. मेथीची पिशवी रिकामी परत आली, एवढं मी पाहिलं.

त्या संध्याकाळी नितेशनी पक्कड घेऊन माझ्या दाराच्या कड्या उलगडल्या.

"काहून काढून राहिले?" रागिणीने विचारलं.

"कोनी कोनाले परत टाकाले नको याच्यात."

दार तिने कुंडीत उभं केलं. सुतळीने बांधलं. त्यावर आता वालाचा वेल चढतो आहे.

मित्रांनो, माझी तुम्हाला एकच विनंती आहे. घरी जनावर आणायचं असेल, तर आधी ते पूर्ण वाढल्यावर केवढं होतं, ते विचारा. त्याला उभं राहता, पसरता, पळता येईल एवढी जागा मोजा. जागा नसेल, तर आणू नका. आणि चुकून माझ्यासारखा लहान पिंजरा घरात आलाच असेल, तर दुसऱ्या जनावराला त्यात ठेवू नका, कोणाला तशा कामासाठी देऊ नका. कांदे ठेवा, वह्या ठेवा, वड्या वाळवा. आम्ही तेवढ्याला चालतो. पिंजऱ्याला आपण लहान आहोत हे सांगता येत नाही. सशालाही सांगता येत नाही.

आत : सांबार

थंडीत रागिणीने परसात सांबार पेरला. कोथिंबिरीला आमच्याकडे सांबार म्हणतात. शेजारच्या कोंबड्या कोंब उकरून काढायला लागल्या, तेव्हा तिने माझा खालचा पत्रा काढून मला वाफ्यावर ठेवलं आणि दाराच्या भोकापुढे एक वीट लावली. आता माझ्या आत माती होती, ओल होती. कोंबड्या बाहेर फिरायच्या. रोज शाळेतून आली की ती दप्तर न काढता माझ्याजवळ बसायची. पाणी घालायची आणि रोपं किती वर आली ते बघायची.

दीड वीत म्हणजे फार नाही.

पौषातल्या एका संध्याकाळी पहिला शेंडा माझ्या तारेला टेकला. रागिणीने वाकून बोट लावून पाहिलं. तिला कोणी काही सांगितलं नव्हतं. तिने वीट बाजूला केली आणि मला दोन्ही हातांनी उचलून भिंतीशी ठेवलं.