एकच पिवळं पान

सरांनी स्वतः लिहिलेल्या पुस्तकात शेवटी यंदा एक पिवळं पान आहे. ते फाडायचं, त्यावर उत्तरं लिहायची आणि सरांच्या हातात द्यायचं. पान नाही तर परीक्षा नाही. झेरॉक्स चालत नाही. गेल्या वर्षीचं पुस्तकही चालत नाही, कारण तेव्हा पान गुलाबी होतं. आतला मजकूर तोच, चुकांसकट. या माणसाने सरळ दुकान टाकलं असतं, तर आमची तरी सुटका झाली असती.

आमच्या घरात पुस्तक एक आणि विद्यार्थिनी दोन, मी आणि आई. बालवाडी शिक्षिकेचा संध्याकाळचा कोर्स. आई कित्येक वर्षं बालवाडीत मदतनीस आहे, पोरांची नाकं पुसते. आता नवा नियम आलाय, यंदा कोर्स पास नाही तर नोकरी गेली. वर्गात आम्ही ओळख दाखवत नाही. माझ्या वयाच्या पोरींत बसायची तिला लाज वाटते.

दुसरं पुस्तक घ्यायची ऐपत नव्हती. आई सरांना भेटून आली.

"म्हटलं, नुसतं पान विकत द्या. तर म्हणे, पान सुटं मिळत नाही."

ती पान मलाच देणार, हे मी धरूनच चालले होते. आजवर शेवटचा घास माझ्याच ताटात पडत आलाय. पण सकाळी कामावर निघण्याआधी तिने पट्टी लावून पान फाडलं आणि त्यावर स्वतःचं नाव घातलं.

"तुला पुढचं वर्ष आहे," ती म्हणाली. "मला नाही गं."

मला भयंकर राग आला. तिचं खरं होतं, म्हणून जास्तच आला. तिची नोकरी गेली तर दोघींनी खायचं काय?

संध्याकाळी सर पानं गोळा करत माझ्यापाशी आले.

"पुस्तक नाही घेतलं, सर."

"मग परीक्षेला येऊ नकोस." त्यांनी पहिल्या बाकाकडे हात केला. "त्या बाईंकडे बघ. या वयात पुस्तक घेतात. तुझ्या आईला पोरीसाठी एक पुस्तक घेता येत नाही?"

आईने बाकावर हात टेकला. ती उठू लागली. उठली असती तर सगळं सांगून, पान माझ्या नावावर करून मोकळी झाली असती.

"मला आई नाही, सर," मी घाईघाईने म्हणाले.

आई खाली बसली.