उंबऱ्यावर आडवी तिफण

मी एक जुनी तिफण आहे, मित्रांनो. बाभळीचं अंग, खाली तीन फण, वर बी सोडायचं लाकडी चाडं आणि चाड्यापासून फणांपर्यंत बांबूच्या तीन नळ्या, एवढाच माझा संसार. बैल मला ओढतात, फण माती फाडतात आणि मागून चालणारी बाई मुठीनं चाड्यात बी सोडत जाते. देवणीजवळच्या एका गावात धोंडप्पा सुतारानं मला घडवलं. शेषेरावाच्या घरी नेलं तेव्हा त्याच्या बायकोनं, केवळाबाईनं, मला हळदकुंकू वाहिलं. तिची मूठ इतकी सारखी पडायची, की ज्वारीच्या ओळी बघायला लोक बांधावर थांबत. त्यात माझीही वाहवा व्हायची आणि मी फुगून जायचे.

माझा धनी शेषेराव आळशी नव्हता, हे आधीच सांगते. पहाटे उठून बैलांना वैरण घालणारा माणूस होता तो. पण जे काम आज मानगुटीवर बसलेलं नाही, ते त्याच्या लेखी कामच नव्हतं. "बघू की उद्या," म्हणायचा, आणि उद्याही तेच म्हणायचा. एका पेरणीत माझा मधला फण दगडावर आदळून खिळखिळा झाला. त्यानं मला गोठ्यात उभं केलं आणि उद्यावर सोडून दिलं.

पुढचं साल बहात्तरच्या दुष्काळाचं. मृग कोरडा गेला, पुढची नक्षत्रंही कोरडीच गेली. केवळाबाईनं माझी आठवण काढली की शेषेराव वर बोट दाखवायचा. पाऊसच नाही तर तिफण नीट करून काय करू, असं त्याचं म्हणणं. सगळ्या गावाचंच तसं म्हणणं होतं. आभाळ रिकामं असताना सुताराच्या दारात जायची जणू त्यांना लाज वाटायची.

आणि हस्ताचा पाऊस आला. एकच, पण दणकून. आता वाफसा होणार होता. चिखल नाही आणि धूळही नाही, अशी पेरण्याजोगी ओल म्हणजे वाफसा. ती कुणासाठी थांबत नाही. अख्खं गाव मोडक्या तिफणी घेऊन धोंडप्पाच्या अंगणात धावलं. मी रांगेत पार शेवटी, भिंतीला टेकून. वारा सुटला होता, ऊन चढत होतं. धोंडप्पाच्या हाताला उसंत नव्हती. शेषेराव घडीघडी शेतात जायचा, माती मुठीत दाबून बघायचा आणि परत येऊन रांगेत उभा राहायचा. दर खेपेला त्याचं तोंड जास्त उतरलेलं असायचं. माझी पाळी आली तेव्हा जमिनीला भेगा पडायला लागल्या होत्या. तरी पेरलं. इथं चार ताटं उगवली, तिथं दोन.

दाणा गेला तसा कडबाही गेला. मग घरची देवणी बैलजोडी उदगीरच्या बाजारात विकावी लागली. शेषेराव नुसता कासरा खांद्यावर टाकून परत आला. केवळाबाई रडली नाही की ओरडली नाही.

"पाऊस आलता," ती म्हणाली. "आपुनच न्हवतो."

दुसऱ्या दिवशी शेषेरावानं मला गोठ्यातून उचलून आणलं आणि घराच्या उंबऱ्यावर आडवं टाकलं. माझा फण पुन्हा सैल झाला होता. ही नीट झाल्याशिवाय उंबरा मोकळा होणार नाही, एवढंच तो बोलला. तरी लगेच थोडाच सुधारतो! आधी मला ओलांडून ओलांडून ये-जा केली. मग एकदा नडगीला असा सणसणीत मार बसला की तो मट्‌कन खाली बसला आणि नडगी चोळतच मला धोंडप्पाकडे घेऊन गेला.

तेव्हापासून त्या घराची रीतच झाली. काम टाळावंसं वाटलं की त्या कामाचं अवजार उंबऱ्यावर यायचं. तुटका दोर, भोकाची पाटी, बोथट विळा, सगळे तिथं पडून गेले. पाहुणे अडखळायचे, सोयरे हसायचे. शेषेरावाची जीभ अजून "बघू उद्या" म्हणायचीच. पण म्हणता म्हणता हात ती वस्तू दारात आणून टाकायचे. स्वभाव गेला नव्हता, मित्रांनो. त्यानं स्वभावाला वेसण घातली होती.

घरच्या गाईचे गोऱ्हे वाढवून त्यानं पुन्हा जोडी उभी केली. आणि लातूरचा वेगळा जिल्हा झाला त्या साली पावसानं परत पाठ फिरवली. कडब्याची गंजी खाली खाली येत होती. हाही हंगाम हुकला तर ही जोडीही बाजाराची वाट धरणार, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

नव्या जिल्ह्याचा सोहळा बघायला गावातून ट्रक निघाला. शेषेराव कोरं धोतर नेसून तयार. पण उंबऱ्यावर मी होते. आदल्या दिवशी माझी एक नळी फुटली होती आणि फण पुन्हा हलत होता. त्याच ट्रकनं धोंडप्पाही चालला होता. नव्या कचेऱ्यांना टेबलं-खुर्च्या लागणार, म्हणून तो थेट दिवाळीपर्यंत लातूरलाच राहणार होता. ट्रक भोंगा वाजवत होता. शेषेराव एकदा ट्रककडे बघायचा, एकदा माझ्याकडे. माझा जीव टांगणीला लागला होता.

त्यानं मला खांद्यावर घेतलं आणि धोंडप्पाचं अंगण गाठलं. धोंडप्पाची हत्यारं पोत्यात बांधून झाली होती.

"पाऊस कुठं हाय, शेषेराव? दिवाळीला आलो की करतो," धोंडप्पा म्हणाला.

"पाऊस येईल तवा तू कुठं असशील?"

धोंडप्पानं खाली बसून पोत्याची गाठ सोडली. ट्रक दोघांना सोडून गेला. धोंडप्पा नंतरच्या एसटीनं गेला. शेषेरावाचा सोहळा हुकलाच. बिनपावसाची तिफण सजवून बसलाय म्हणून गावानं त्याची टर उडवली. दिवस कोरडेच जात राहिले, केवळाबाई बैलांपुढची पेंढी लहान करत गेली, आणि शेषेराव रोज माझे फण हलवून बघत राहिला.

हस्तात पाऊस आला, पुन्हा एकच. वाफसा होताच उजाडायच्या आत आम्ही शेतात होतो. केवळाबाईच्या मुठीतून चाड्यात बी सारखंच पडत होतं. आमचं रान संपवून शेषेरावानं मला शेजाऱ्यांच्या हवाली केलं, कारण गावात सुतार नव्हता आणि ओल निघून चालली होती. केवळाबाईनं बैलांच्या पाठीवरून हात फिरवला.

"औंदा पाऊस आला," ती म्हणाली, "अन् आपुन बी होतो."

आता पेरणी ट्रॅक्टर करतो. शेषेराव नाही, केवळाबाईही नाही. मी गोठ्याच्या कोपऱ्यात आहे, आणि माझ्या अंगाला वाळवी लागायला लागली आहे. त्यांचा मुलगा, नाव श्रीमंत, मनाचा चांगला आहे. येता-जाता माझ्याकडे बघतो आणि म्हणतो, "हिला तेल लावाया पाहिजे. बघू उद्या."

मित्रांनो, तुमच्यापैकी कुणी इकडे आलात तर एवढं करा. मला उचला आणि त्याच्या उंबऱ्यावर आडवी टाका. नडगीला लागेल. लागू द्या.