पुआंगांकडे पाठ

वालानाए नदीने इंदो सावेचं अंगण गिळलं होतं आणि आता ती घराच्या पहिल्या खांबाला ओठ लावून थांबली होती. डोंगरात ढग काळवंडले होते. संध्याकाळच्या आत घर दोनशे पावलं वर, उंचवट्यावर न्यायला हवं होतं. नाहीतर या विधवेला उरलं असतं फक्त पाणी.

घर लाकडी, बारा खांबांवर उभं. खांबांना बांबू बांधून ऐंशी खांदे लागले की ते चालू लागतं. आम्हा बुगिस लोकांची घरं चालतात. माणसं मात्र असतात तिथेच राहतात.

त्या सकाळी घर उचललं गेलं आणि जागच्या जागी थरथरत राहिलं. पुढच्या ओसरीवर पुआंग सोम्पा उभे होते: राजघराण्याचं रक्त, गावाचं प्रमुखपद आणि हातात कर्णा. पुआंगांकडे, म्हणजे उच्चकुलीन माणसाकडे, पाठ करणं ही आमच्यात सात पिढ्यांना पुरणारी बेअदबी. म्हणून पुढचे चाळीस जण अदबीने त्यांच्याकडे, म्हणजेच नदीकडे, तोंड करून उभे होते. मागचे चाळीस उंचवट्याकडे.

"जोर लावा," कर्णा म्हणाला. जोर लागला, दोन्हीकडून, अगदी सारखा.

मी शाळेत विज्ञान शिकवतो. गप्प राहणं जमलं नाही. "पुआंग, दोन सारखी बलं समोरासमोर आली की बेरीज शून्य होते."

"एवढा घाम गाळतायत आणि तुम्ही शून्य म्हणता?"

"वस्तू हलली नाही तर शास्त्रात त्याला काम म्हणत नाहीत."

"मास्तर, तुमचं शास्त्र बाहेरून आलंय. आमच्याकडे घामालाच काम म्हणतात."

पुढच्या रांगेतला गावकरी ला तेप्पो बांबूखालून कण्हला, "मास्तर, बेरीज नंतर करा. खांदा निखळायला आलाय."

"मग तोंड फिरव उंचवट्याकडे."

"आणि पुढच्या लग्नात मला चपलांपाशी बसवतील, तेव्हा तुम्ही येणार का सोबतीला?"

मागे काठाचं एक ढेकूळ पाण्यात पडलं. शेवटच्या रांगेच्या टाचा भिजल्या. इंदो सावेने ते पाहिलं, आणि एक खुर्ची उचलून ती उंचवट्यावर गेली. परतली तेव्हा तिचा स्वर मधाळ होता.

"पुआंग, नव्या जागेवर पहिलं पाऊल थोर माणसाचं पडावं. खुर्ची टाकलीय. केळीच्या पानात वाफवलेलं गोड बारोंगकोही ठेवलंय, गरम आहे."

थोरपण शिडी उतरलं. पुआंग उंचवट्यावर जाऊन बसले, आणि पुढचे चाळीस जण अदबीने त्यांच्याकडे वळले. आता ऐंशी तोंडं एकाच दिशेला होती.

घर निघालं. आधी चाललं, मग धावलं. भिंतीवरची भांडी वाजू लागली.

"बास," पुआंग म्हणाले. मग जरा मोठ्याने, "थांबा म्हणतो ना."

पण गती घेतलेली वस्तू हुकुमाने थांबत नाही. तिला समोरून विरोध करणारं बल लागतं. आणि आमच्या गावातलं तसलं एकमेव बल या क्षणी तोंडात गोड घास घेऊन बसलं होतं.

पुआंग उठले, वळले आणि पळाले. खुर्ची चौथ्या खांबाखाली मोडली. तिथेच घर टेकलं.

इंदो सावेने खुर्चीचा तुटका पाय चुलीसाठी उचलला. "चला, जेवायला बसा," ती म्हणाली.

कुणी हललं नाही. आयुष्यात प्रथमच आम्ही सारे पुआंगांची पाठ पाहत होतो. दूर जाणाऱ्या त्या रेशमी सदऱ्यावर घामाचा एक ठिपका नव्हता.