कनातीपलीकडचं लग्न

मुरबाडच्या बाजारपेठेत पंढरीचा फोटो स्टुडिओ होता. लग्नसराईत तो व्हिडिओ शूटिंगही करी. धंदा बरा चालला होता, पण कल्याणच्या एका फिल्म क्लबात चार परदेशी सिनेमे बघून आला आणि गड्याचं डोकंच फिरलं. गुलाबाच्या फुलात नवरा-नवरी बसवायची, जिलबीच्या ताटांवरून कॅमेरा फिरवायचा, याची त्याला शिसारी यायला लागली. काय घडलं ते कुणीही दाखवील, तो म्हणे. ते घडताना माणसाच्या चेहऱ्यावर काय होतं, तो खरा सिनेमा. ऐकणारे मान हलवत आणि आपले पासपोर्ट फोटो घेऊन जात.

सत्त्याण्णव सालच्या मे महिन्यात वैशाखरे गावातल्या हनुमानच्या मुलीचं, रंजिताचं लग्न त्याच्याकडे आलं. हनुमानला नुसते फोटो पुरे होते. शूटिंगचा हट्ट धरला होता तो त्याच्या बायकोनं, लहानीबाईनं. त्यांच्या घरात रीत अशी, की अक्षता पडताना नवरीच्या आईनं मांडवात थांबायचं नाही. मागे परसात तुळशीला पाणी घालत बसायचं.

"बाकी काय घे नायतर नको घेऊ," तिनं पंढरीला बजावलं, "पन आक्षता नीट घे रे. मला बघाया मिळंल ती तुझ्याच कॅसेटीत."

"मावशी, तुमी चिंताच सोडा," पंढरी म्हणाला. आणि खोटं तो बोलला नव्हता.

पण मंगलाष्टकं सुरू झाली आणि त्याला परसातली ती बाई आठवली. पोटच्या पोरीचं लग्न नुसतं कानांनी ऐकणारी आई! असा शॉट सोडायचा? शेवटच्या कडव्याला स्वारी कॅमेरा खांद्यावर टाकून मांडवातून निघाली आणि परसाच्या दाराआडून झूम लावून उभी राहिली. कनातीपलीकडे 'सावधान' झालं, ताशा कडाडला. लहानीबाईचा हात तिथंच थबकला आणि तांब्यातलं पाणी तिच्या पायांवर सांडत राहिलं. पंढरीच्या अंगावर काटा आला.

महिनाभरानं हनुमानच्या ओटीवर भाड्याचा व्हीसीआर लागला. अख्खी आळी जमली होती. लहानीबाई सगळ्यांच्या पुढे, टीव्हीला नाक लावून. तो शॉट आला तेव्हा बायकांनी पदर डोळ्यांना लावले. पंढरी मनातून फुलून गेला.

"आन् आक्षता?" लहानीबाईनं विचारलं.

"मावशी, त्या तुमच्या तोंडावर दिसतात ना! तोच तर सिनेमा."

"माझा तोंड मी रोज बघतंय रे," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं. "पोरीचा बघायचा व्हता."

पंढरीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यानं विचारलं, "परत लावू?"

त्यानं कॅसेट मागे घेतली. पुन्हा तुळस, पुन्हा तांब्या. पडद्याच्या अगदी कडेला मांडवाच्या कनातीची लाल पट्टी दिसत होती. लहानीबाईनं त्या पट्टीवर बोट ठेवलं.

"ह्याच्या पल्याडच व्हती ना रंजी?" ती म्हणाली. "जरासा हिकडं सरकव ना रे."